दोन-दोन चाकांची वाटणी

“आधी खटके दाब, मग रंधा उचल.”

सुतार आपल्या दोन्ही मुलांना सांगे ते हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की माझ्या लाकडात ते मुरलं असेल. मी सुताराचा एक जुना बाक आहे. बसायचा नव्हे, काम करायचा. मला चार चाकं, आणि प्रत्येक चाकाला जागेवर रोखणारा एक खटका.

मित्रांनो, आमचं दुकान एवढंसं. लांब फळी उलटी करायची तर सुताराला ती घेऊन रस्त्यावर जावं लागे. म्हणून त्याने दारांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडातून मला घडवलं. एका अंगाला लाकूड घट्ट धरणारा शेगडा, पोटात हत्यारांचे दोन खण, खाली उघडा कप्पा. करवत चालवायची तर मी मध्ये, पॉलिश करायचं तर भिंतीला. “हा माझा तिसरा मुलगा,” सुतार म्हणे, “सांगितलं की सरकतो तरी.” पहिले दोघे ऐकून न ऐकल्यासारखं करत.

सुतार गेला तेव्हा माझ्या कप्प्यात एक अर्धी खुर्ची होती. त्याच्या बायकोचे गुडघे धरले होते. बसली की उठवायला कुणीतरी लागे. उंच बैठक, भक्कम हात, तिचं तिला उठता यावं अशी ती खुर्ची. “आईची खुर्ची आम्ही पुरी करू,” असा शब्द दोघांनी बापाला दिला होता.

पण धाकट्याला मी खिडकीशी हवा, थोरल्याला दाराशी.

“बाक तुझ्या सासऱ्याने दिला का?” थोरला विचारी.

“नाही. पण तुझं नावही त्यावर कुठे कोरलेलं दिसत नाही.”

एका सकाळी थोरल्याने माझी दोन चाकं काढून नेली. धाकट्याने मला हलवू नये म्हणून. मी एकदम कललो आणि खुर्चीचा एक हात फरशीवर आपटून तडकला. दुपारी धाकट्याने सूड म्हणून उरलेली दोन काढली. मी दुकानाच्या मधोमध बसलो. आता फळी आत येईना, तयार झालेलं दार बाहेर जाईना. दोघे पोट आत ओढून माझ्या कडेने जात आणि जाताना लाथ घालत. राग धरू नये म्हणतात. मी धरला, दोघांचाही.

मग एक दिवस आई काठी टेकत आली. तिने तडकलेला हात पाहिला. आवाज चढवणं तिला कधी जमलं नाही.

“चाकं वाटून घेतलीत ना? आता खुर्चीही घ्या. एकाने बैठक ठेवा, एकाने पाठ. मी उभी राहीन.”

थोरल्याने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. काठी टेकत तशीच परत गेली.

मग धाकट्याने पिशवीतून दोन चाकं काढली आणि मला तिरका करून स्क्रू पिळू लागला.

“उलटं बसवतोयस,” थोरला म्हणाला.

“मग तू बसव.”

थोरला घरी जाऊन आपली दोन घेऊन आला. बोलणं तेवढंच, आजही फारसं नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू कुणाची बाजू घेत नाही. तुमच्या भांडणात आम्हाला मोडू नका. आमच्या पोटात कुणाची तरी खुर्ची अर्धी पडलेली असते.

चौथं चाक बसलं. थोरल्याने खुर्चीच्या तडकलेल्या हातासाठी एक नवा, कोरा तुकडा शेगड्यात आवळला. धाकट्याने वाकून पाहिलं, पायाने चारही खटके दाबले, आणि रंधा थोरल्याच्या हातात दिला.