अणुभार साठ

आमची मालती हुशार होती, हे मी बहीण हाय म्हणून नाही सांगून राहिली. सौसरात कोणालेही विचारा. मी पाचवीतच शाळा सोडलेली बाई, पण तिनं मले चुलीपाशी बसून सूत्र काढणं समजावलं होतं.

"शकुताई, खिचडीत डाळ एक वाटी अन् तांदूळ दोन वाट्या. हे झालं प्रमाण. पण गंजात खिचडी किती, ते प्रमाणावरून समजते का?"

"कसं समजन? गंज तोलून पाहा लागन."

"बस्स! तोललं ते वजन म्हणजे रेणुभार. त्याच्यावरून रेणूचं खरं सूत्र निघते."

मले हसू आलं. म्हटलं, वा गं वा, मी तर रोज रसायन शिजवून राहिली अन् मलेच माहीत नाही!

आई गेल्यापासून घरात बाबांचाच शब्द चाले. त्यांनी सांगून ठेवलं होतं, बोर्डात एका दमात पास झाली तर छिंदवाड्याच्या कॉलेजात टाकीन, नाही तर मोहगावचं स्थळ पक्कं. बाबा वाईट नव्हते. शब्दाचे पक्के होते, अन् तेच आमच्या जिवावर उठलं.

मालती आधी महाराष्ट्रात, काटोलले मामाकडे मराठीत शिकली. मामाची बदली झाली म्हणून शेवटच्या वर्षाले इकडे मध्यप्रदेशात आली, तर इथं सारं हिंदीत. त्यात रसायनच्या सरांची जागा वर्षभर रिकामी! आता सांगा, पोट्टीनं करावं काय? काटोलची पुस्तकं काढली अन् बसली वाचत. हिंदीतला जो शब्द वेगळा दिसे, तो वर्गातल्या छायाले विचारून घे.

परीक्षेचं सेंटर पांढुर्ण्याले होतं. रसायनच्या पेपरले मी संग गेली. मालती बाहेर आली ती तणतणतच.

"पेपरच चुकला हाय, ताई. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे टक्के देल्ले, अन् खाली 'अणुभार साठ'! अणुभार एकट्या मूलद्रव्याचा असते. तिघं मिळून झालेल्या संयुगाले तो कुठून येईन?"

"मग काय केलं?"

"साठ सोडून देल्ला. प्रमाणाचंच सूत्र लिहून आली. पुढचं सारं त्याच्यावरच होतं."

मागून छाया आली. तिनं ऐकलं अन् तिचा चेहराच उतरला. "अगं मालती, हिंदीत अणू म्हणजे तुमचा रेणू. तुमच्या अणूले आम्ही परमाणू म्हणतो. साठ होतं म्हणून तर तुझं सूत्र दुप्पट करा लागत होतं!"

मालती संत्र्याच्या गाडीले टेकून उभी राहिली. "वेगळा असता तर विचारला असता ना मी," म्हणे. "हा तर सारखाच होता."

जूनात निकाल लागला. बाकी साऱ्यात पास, रसायनात थोडक्यात गेली. पूरक परीक्षा होती, पण बाबा ऐकतीन तर!

"एका शब्दापायी पोरीचा जन्म घालवता का, बाबा?" मी चांगलीच भांडली.

"मीही मोहगाववाल्याईले शब्दच देऊन बसलो, शकू," बाबा म्हणाले, अन् माझ्याकडं पाहिलंच नाही.

लग्न लागलं. पूरक देऊ देतो म्हणून सासरच्यांनी कबूल केलं होतं. परीक्षेच्या दिवशी घरी पाहुणे होते. मालती त्यांच्या भाकरी थापत होती. आग लागो त्या पाहुण्याईले!

पुढच्या साली तिले पोरगी झाली. मी बारशाले मोहगावले गेली. मालतीनं पोरीचं नाव सांगितलं, रेणू. तिची सासू जयवंताबाई चमकलीच.

"रेणुकादेवीचं नाव? आपण बौद्ध माणसं, आपल्यात कुठं चालते बाई?"

"देवीचं नाही, आत्याबाई. शाळेच्या पुस्तकातलं हाय."

"पुस्तकात काय अर्थ देल्ला?"

"सारे मिळून एक होऊन राहतात, त्याले रेणू म्हणतात."

"मग चांगलं हाय," म्हणून सासू खूश. बाया पाळणा म्हणाले लागल्या. मी पाळण्यापाशीच उभी होती.

मालती पाळण्यावर वाकली अन् मलेच ऐकू जाईन असं पोरीले म्हणाली, "शब्द सारखा दिसला तरी विचारजो, माय."