सोनगीरचं कार्ड

रुपचंदनानांच्या दुकानात कॉम्प्युटर आला तो काही हौसेने आला नाही, मोतीबिंदूमुळे आला. नाहीतर नाना असल्या भानगडीत पडणारे नव्हेत. जळगावात नेरी नाक्याजवळ त्यांचं 'शीतल कूलर' म्हणजे हिवाळ्यात गिझर दुरुस्ती आणि उन्हाळ्यात कूलर, असं बारमाही दुकान. शिवरात्र उलटली की नाना टेबलाशी बसायचे आणि एकेका गिऱ्हाइकाला आपल्या हाताने पोस्टकार्ड लिहायचे. ऊन तापायला लागलं आहे, जाळीतलं गवत बदलून घ्या, पंप तपासून घ्या, माणूस पाठवतो. निळी शाई, तिरकं टपोरं अक्षर आणि खाली कूलरच्या चित्राचा रबरी शिक्का. पार नशिराबादपासून धुळ्याच्या पलीकडे सोनगीरपर्यंत ही कार्डं जायची. लोक त्या कार्डावरून उन्हाळा आला म्हणायचे, असं नाना सांगत. थोडं फुगवूनच सांगत, पण अगदीच खोटं नव्हतं.

त्यातलं सोनगीरचं कार्ड मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते धाकट्या भावाचं, सुकदेवचं होतं.

दुकान दोघांनी मिळून उभं केलेलं. पहिला कूलर सुकदेवच्याच हातचा. मग एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी कूलरला करंट उतरला. कुणाला इजा झाली नाही, पण ऐन गर्दीत, दहा गिऱ्हाइकांसमोर नाना बोलून गेले की याच्या हाताचा मला भरवसा नाही. सुकदेवने पकड टेबलावर ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि तो सोनगीरला वडिलांच्या शेतावर निघून गेला. जाताना तो पहिला कूलर तेवढा घेऊन गेला. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मुलामुलींची लग्नं झाली, हा त्याच्या मांडवात गेला नाही, तो याच्या मांडवात आला नाही. दोघे एका आईच्या पोटचे, तेव्हा हट्टाला कोण कमी असणार?

पण दर वर्षी कार्ड जायचं. चुकलो, असं नानांना लिहिता येत नव्हतं. म्हणून ते लिहायचे, कूलरचं गवत बदलून घे, पंप तपासून घे. सुकदेवचं उत्तर कधी आलं नाही. त्याने एकदा उंबऱ्यात यावं, एवढीच नानांची आस होती, आणि ती बायकोला, कमलबाईंनासुद्धा त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. बाईंना ती माहीत होती, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी नानांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि दोन-अडीच महिने लिहिणं-वाचणं बंद केलं. आता कार्डं कोण लिहिणार? दुकानात हिशेबाला आणि फोनवर मंदा होती. नशिराबादची पोरगी, वडील वरणगावच्या फॅक्टरीत, स्वतः बी.कॉम. होऊन वर कॉम्प्युटरचा क्लास केलेली. ती म्हणाली, नाना, एकदा सगळ्यांचे पत्ते मशीनमध्ये भरून ठेवले की दर साली नुसतं बटण दाबायचं. बिलं त्यातच, तक्रारी त्यातच, कुणाचा पंप कधी बदलला तेही त्यातच. नानांनी कुरकुर केली, पण डोळ्यांपुढे इलाज नव्हता. मराठी अक्षरं काढणारं मशीन आलं, सोबत करकर करणारा प्रिंटरही आला. कमलबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

पत्ते भरून झाल्यावर मंदाने विचारलं, "नाना, सोनगीरचं कार्ड वेगळं ठेवू का? मागच्या सालापर्यंत ते तुम्ही शेवटी, एकटं बसून लिहायचे."

नानांना हे आवडलं नाही. आपलं मन या पोरीने असं उघड्यावर काढून ठेवावं, याचा त्यांना राग आला. ते म्हणाले, "वेगळं कशाला? सगळ्यांचं निघतंय तसं तेही काढ."

म्हणाले खरे, पण घरी जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं.

प्रिंटरने पहिल्या दिवशी मंदाच्या नाकी नऊ आणले. कार्ड एकेक करून घालायचं, एका अंगाला मजकूर आणि दुसऱ्या अंगाला पत्ता. ते हमखास उलटं जायचं आणि पत्ता तिकिटावर छापून यायचा. पन्नासेक कार्डं फुकट गेली. मग तिने शक्कल काढली. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि कात्रीने सगळ्यांचा एक-एक कोपरा तिरका कापून टाकला. कापलेला कोपरा डाव्या हाताला आला की कार्ड बरोबर. पुढचं काम सरसर झालं. नानांच्या जुन्या शिक्क्याचा छाप तिने प्रत्येकावर मारला आणि संध्याकाळी पिशवी भरून पोस्टात नेऊन टाकली. नानांनी त्यातलं एकही कार्ड हातात घेतलं नाही. बघून उपयोगही नव्हता, बारीक काही दिसतच नव्हतं.

आता आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मयताचं. असं कार्ड आलं की ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. मंदाला हे माहीत नव्हतं असं नाही. तिची आजी गेली तेव्हा वडिलांनी असेच कोपरे फाडले होते आणि तिनेच ते पत्ते लिहिले होते. पण कात्री चालवताना तिच्या डोक्यात फक्त प्रिंटर होता. माणसाचं असंच होतं. माहीत असलेलं ऐन वेळी आठवत नाही.

पहिल्या आल्या त्या नशिराबादच्या धुरपदाबाई. त्या दुकानात न जाता थेट घरी आल्या, डोक्यावर पदर घेऊन, तोंडाला पदराचा बोळा लावून. दार उघडलं कमलबाईंनी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. धुरपदाबाईंचा हुंदका घशातच राहिला. नाना आत पोहे खात होते. सगळा उलगडा झाल्यावर धुरपदाबाई हसल्या, चहा प्यायल्या आणि जाताना कूलरला माणूस पाठवायला सांगून गेल्या. कमलबाई मात्र हसल्या नाहीत. माझं कुंकू पुसायला निघालेलं मशीन मला दारात नको, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं.

दुकानात तर त्या दिवशी फोनवर फोन. ज्यांनी कार्ड वाचलं होतं ते तोंडसुख घेत होते, की सणाच्या तोंडावर असली अवलक्षणी कार्डं पाठवता, लाज नाही का वाटत? ज्यांनी न वाचताच फाडलं होतं ते हळू आवाजात विचारत, कधी झालं हो? एकाने नानांचाच 'हॅलो' ऐकला आणि फोन ठेवून दिला. मंदा रडकुंडीला आली होती. उद्यापासून मी येत नाही, असं ती स्वतःच म्हणाली. नानांनी तिला गप्प बसवलं. चूक झाली ती झाली, सगळ्यांना नवी कार्डं काढ, कोपऱ्यांसकट, असं सांगून ते खुर्चीत टेकले, आणि टेकता टेकता त्यांना आठवलं.

सोनगीरचं कार्डही त्याच गठ्ठ्यातलं होतं.

मंदाच्याही ते लक्षात आलं होतं. ती म्हणाली, सोनगीरच्या ग्रामपंचायतीत फोन आहे, आत्ता ट्रंक कॉल लावते, शिपाई निरोप देईल. तार नको, तार बघून तर आणखी घाबरतील. तिने रिसीव्हर उचललासुद्धा. नानांनी हाताने तिला थांबवलं. म्हणाले, "राहू दे. उद्या बघू."

हे त्यांनी वाईट केलं. त्यांना कळत होतं की वाईट करतोय, आणि तरी त्यांनी केलं. इतकी वर्षं जे विचारता येत नव्हतं ते आपोआप विचारलं गेलं होतं. मी मेलो तर तो येईल का? फोन लावला तर हे कधीच कळणार नव्हतं. आणि फोन नाही लावला, तो आलाच नाही, तर मग काय? मग उरलेलं आयुष्य ते घेऊन जगायचं. रात्री ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी दुकानात आले ते फोनकडे न बघताच बसले. मंदाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि मग ती नव्या कार्डांना लागली.

उन्हं चढली. धुळ्याकडची एक गाडी येऊन गेली असेल, दुसरी आली असेल. दुकानात गवत बदलायला आलेले दोन कूलर उघडे पडले होते, त्यांचा ओला कुबट वास सुटला होता. उंबऱ्याशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. नानांना काळ्या चष्म्यातून एवढंच दिसलं की माणूस बारीक आहे, डोक्याचा गोटा केलेला आहे आणि मिशी नाही. गिऱ्हाईक समजून ते नेहमीच्या सवयीने म्हणाले, "या, बसा. कूलर कुठला?"

माणूस आत येईना. त्याने चौकटीला हात धरला.

"भाऊ," तो म्हणाला, "तू जित्ता शेस?"

नानांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं तरी काढला. सुकदेवच होता. त्याची ती पिळदार मिशी, जिच्यावरून गावात त्याला ओळखायचे, ती साफ गेली होती आणि वरचा ओठ लहान पोरासारखा पांढरा दिसत होता. नानांना लाज वाटली. कालचा एक फोन केला असता, तर हे झालं नसतं.

मंदाने पाण्याचा तांब्या आणला. सुकदेवने तो घेतला नाही, उभ्यानेच बोलू लागला. कार्ड भिकुबाईच्या, त्याच्या बायकोच्या हातात पडलं होतं. तिला वाचता येत नाही, पण दर सालाचं ते निळं तिरकं अक्षर तिला माणसासारखं ओळखीचं. यंदा शिक्का दुकानाचा, पण अक्षर भाऊंचं नाही, मशीनचं, आणि वर कोपरा कापलेला. आता आणखी काय सांगायला हवं होतं? तिने कार्ड दारातच फाडलं आणि हंबरडा फोडला. सुकदेव शेतातून आला, न्हाव्याला बोलावलं, डोकं पुढे केलं. रात्र कशीबशी काढून पहाटेच्या गाडीत बसला. सबंध वाटेत त्याला एकच गोष्ट खात होती.

"मन्हा भाऊ गया, आनि माले खांदा देवाले बी बलावं नही," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं. भावाच्या मरणावर काल रडला नव्हता, तो भाऊ जिवंत बघून रडला.

नाना उठले. टेबल मध्ये होतं, ते चाचपत चाचपत बाहेर आले. सुकदेवच्या तुळतुळीत डोक्यावर त्यांनी हात ठेवला. इतक्या वर्षांत जे एका कार्डावर मावलं नव्हतं ते आता दोन शब्दांत झालं. "माझं चुकलं," ते म्हणाले. करंटचं की कालच्या फोनचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सुकदेवने विचारलं नाही.

मग चहा आला. सुकदेव बसला, पण हाताला स्वस्थता नाही. समोरच्या उघड्या कूलरचा पंप त्याने उचलला, फिरवून पाहिला, टेबलावरची पकड घेतली. नाना त्या हाताकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुझा तो पहिला कूलर कसा चालतो? गवत बदलतोस ना?"

सुकदेव मान वर न करता म्हणाला, "घरमा कूलर शेच कोठे, भाऊ? तो दुसऱ्याच साले गंजी गया. भंगारमा दी टाका."

"मग कळवायचं नाही का? मी दर वर्षी आपला लिहितोय, पंप तपास, पंप तपास."

"कळावं अस्तं, तं तुन्हं कार्ड बंद व्हई जातं," सुकदेव म्हणाला आणि पंपाचा स्क्रू फिरवू लागला.

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, मंदाला हाक मारली आणि सोनगीरचं नाव मशीनमधून काढून टाकायला सांगितलं. मंदा दचकली. तिने सुकदेवकडे बघितलं, नानांकडे बघितलं.

"त्याच्याकडे कूलर नाही," नाना म्हणाले. "ते कार्ड माझं मी लिहीन."