सूर्याच्या वाटेवरचा ढग

मला कुणी बोलायला बोलावलं की मी आगापीछा बघत नाही, ही माझी जुनी खोड. बत्तीस वर्षं केजच्या शाळेत भूगोल शिकवला. मी निवृत्त झालो, जीभ झाली नाही. दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात, मार्च महिन्यात, माणिकराव चेअरमन घरी आले. म्हणाले, "बन्सी गुर्जी, सभेत चार शब्द बोला. दुष्काळ कावून पडतो ते सांगा लोकायला." मी लगेच हो म्हणालो. सभेत काय ठरायचंय, हे विचारलंसुद्धा नाही.

सभा गावतलावाच्या पाणीवापर संस्थेची होती. सोळा सभासद, सोळा मोटारी आणि काठावर सगळ्यांचा ऊस. त्यातली एक मोटार माझी. निवृत्तीनंतर दोन एकर घेतले आणि आमच्या वस्तीतला पहिला सभासद झालो. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? वस्ती तलावाच्या खालच्या अंगाला आहे आणि वस्तीची विहीर तलावाच्या पाझरावर जगते. तलाव आटला की विहीर गेलीच. मांडवात जाऊन बसलो तेव्हा कळलं की आज मोटारी बंद करायच्या की चालू ठेवायच्या, यावर हात वर होणार आहेत.

माझी थोरली वहिनी चंद्रभागाबाई बायकांत बसली होती. तिची नात वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. वस्तीत बाकी कुणाला जमीन नाही, म्हणून वहिनी सभासद नव्हती. "भावजी, तुमी बोलनार म्हून आले," एवढंच ती म्हणाली.

मी बोललो. अरे काय बोललो! सूर्य एका जागी बसलेला नाही म्हणालो. आपल्याला सगळ्यांना घेऊन तो आकाशगंगेभोवती फिरतो, एका फेऱ्याला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. वाटेत ताऱ्यांच्या गर्दीचे पट्टे लागतात, धुळीचे आणि वायूचे अफाट ढग लागतात. अशा ढगातून जाताना पृथ्वीवर गारठा वाढत असावा, पाऊसमान फिरत असावं, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. काहींना मुळीच पटत नाही. लोक मांडवाच्या भोकातून वर बघायला लागले. मला असा आनंद झाला की विचारू नका. टाळ्या पडल्या, आणि माणिकरावांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली.

मग माइक त्यांनी घेतला. "ऐकलं का? गुर्जी सांगत्यात, पावसाचं गणित पार वरच बिघडलंय. सूर्यच ढगात घुसल्यावर आपन मोटारी बंद करून काय उपेग? उगा ऊस जाळायचा? मोटारी चालू ठेवायच्या, असा ठराव मी मांडतो."

मी असं म्हणालो नव्हतो. पण असं नाही, हेही मी म्हणालो नव्हतो. आणि खरं सांगतो, घडीभर बरंच वाटलं. माझाही ऊस उभा होता. मी शालीच्या दशा चाचपत बसलो.

उठली ती वहिनी. "मी काय सभासद न्हाई. ठराव तुमचा तुमी करा. मला गुर्जीला एक इचारायचं हाय."

"इचारा की," माणिकराव हसत म्हणाले.

"भावजी, त्यो ढग पार करायला सूर्व्याला किती दिस लागत्यात?"

"दिवस नाही, वहिनी. लाखो वर्षं."

"आन आपला दुस्काळ?"

"हे दुसरं वर्ष."

"मंग त्येचा आन ह्येचा काय संबंध?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग आधी कावून सांगितलं न्हाई?"

टाळ्यांच्या नादात राहिलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? ज्या माउलीनं मला भाकरी बांधून शाळेत धाडलं, तिनं भर सभेत माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झालो होतो.

मी माइक मागून घेतला. "पाऊस कमी पडला हे खरं. पण तलावातलं पाणी उन्हानं थोडंच उडतंय, बाकी सगळं आपण सोळा जण उपसतोय. सगळ्या मोटारी थांबल्या तर विहीर मिरगापर्यंत टिकते. चालू राहिल्या तर चोवीस दिवस. माझी आजपासून बंद."

"तुमाला पेन्शन हाय, गुर्जी," माणिकराव शांतपणे म्हणाले. "आमाला ऊसच हाय."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ठरावाला पंधरा हात वर झाले. खाली राहिला तो माझ्या एकट्याचा.

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि तडक तलावावर गेलो. वहिनी मागून आलीच. स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढले. मोटार थांबली, पण शेजारच्या मोटारींच्या आवाजात ती थांबलेली कळलीसुद्धा नाही.

"भावजी, एक मोटार बंद म्हंजी किती वाचलं?"

मी हिशेब केला. सोळा मोटारींना जे पाणी चोवीस दिवस पुरतं, ते पंधरांना किती? सांगताना लाज वाटली. "दीड दिवस, वहिनी. फार तर."

ती बोटं मोजत उभी राहिली. मला वाटलं, आता मला शिव्या घालते, आणि घालायलाच पाहिजेत.

"दवाखान्यातल्या बाईनं वत्सलाला जो दिस सांगितलाय, त्यो आजपास्नं पंचविसावा," ती म्हणाली. "मंग लेकराच्या पयल्या आंघुळीपुरतं झालं."