गजेंद्रच्या अल्बममधली पोरगी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणते लोक. मी घेणार. गजेंद्र. घेतलं, झालं? आभाळ त नाही कोसळलं कुठं. तोंडावर मी त्याले अहो-जाहो करते, माघारी एकेरी, अन् ही सारी गोष्ट माघारीचीच हाये.

गजेंद्र लोणारच्या नारायण मास्तरच्या बँडात अठरा वर्षं गायला. लग्नाची वरात निघाली की पुढं वाजंत्री, मधात भोंग्याची गाडी, अन् गाडीजवळ माइक घेऊन हा. याची खुबी म्हणजे हा दोघांचं गाणं एकटाच म्हणे. माणसाचा आवाज त्याचा स्वतःचा. बाईची ओळ आली की असा काही बारीक, गोड आवाज काढे की घराघरातल्या बाया दारात येऊन पाहे, गाणारी बाई कुठं हाये म्हणून. नवरदेव बिचारा घोड्यावर नटूनथटून बसलेला, अन् पाहणाऱ्यांचे डोळे गजेंद्रवर. पार पिंपळगाव राजापासून निरोप येत, तो दोन आवाजवाला असन त बँड पाठवा, नाही त राहू द्या.

अन् मी? मी सुलतानपूरची. भुलाबाईच्या दिवसात आमच्या गल्लीतल्या पोरी माह्या मागं गाणं म्हणत. मी आजारी पडली एका साली त भुलाबाई मुकी बसली, असं अजून सांगते लोक. लग्न झालं अन् पहिल्याच दसऱ्यानंतर माह्या गळ्यातला सूर गेला. बोलता येते, भांडता त लयच चांगलं येते, पण गाणं म्हणाले गेली की नुसती हवा निघे. बुलढाण्याच्या डॉक्टरनं नळी घालून पाह्यलं. म्हणे, बाई, तुमच्या गळ्यात काहीच नाही. मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, मी तेच त सांगून राह्यली.

आमची करिष्मा झाली तवा तिले पाळणा म्हणता नाही आला मले. पाळण्याजवळ मोबाइल लावून ठेवो. त्याचं दुःख मले अजून हाये, खोटं काऊन बोलू? आपलं गाणं वापस यावं, एवढंच मी देवाले मागो.

मागच्या साली श्रावणात अर्पिता आली. खामगावची पोरगी, पुण्यात रेकॉर्डिंगचं शिकून आलेली. कोणाच्यातरी वरातीत तिनं गजेंद्रले ऐकलं होतं. तिले त्याचा अल्बम काढायचा होता. त्या प्रकाराले ती सोल-पॉप म्हणे. जुन्या काळची चाल, हळू ठेका, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, अन् मधात एकच माणूस पोटातून गाऊन राह्यला.

"पण एक अट आहे काका," ती म्हणे. "बाईचा आवाज नको. सोलो अल्बम आहे. फक्त तुमचा आवाज."

अल्बमचं नावही तिनंच ठेवलं, 'एकटा'. गजेंद्र असा फुगला की विचारू नका. चौमासात लग्नं नसते, बँड रिकामाच. त्यानं मास्तरले जाऊन सांगितलं, दिवाळीनंतर मी बँडात नाही.

रेकॉर्डिंग नवरात्र बसल्यावर आमच्या घरामागच्या खताच्या गोदामात झालं. बिछायतवाल्याच्या गाद्या आणल्या अन् चारही भिंतीले उभ्या लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद, दार बंद. मी चहा घेऊन जाओ तवा आत असं वाटे, का एखाद्या लग्नातले सारे पाव्हणे उठून गेले अन् आपण एकटेच राह्यलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अर्पिता चिडली. "काका, तुम्ही मधात बाईचा आवाज का काढता?"

"मी नाही काढला."

तिनं लावून दाखवलं. गजेंद्रची ओळ संपे, तो श्वास घेई, अन् त्या श्वासाच्या जागी मागून एक बारीक आवाज येई. तवापर्यंत झालेल्या पाचही गाण्यात होता. अर्पितानं तो पुसला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं त पुसल्या जागी पुन्हा होता, अन् पहिल्यापेक्षा जरा जवळ.

मले वाटलं, याचीच खोड हाये. अठरा वर्षांची सवय, सुटते का अशी? मी म्हणलं, "थांब पोरी, मी धरते याचं तोंड." गजेंद्रले माइकपुढं बसवलं अन् त्याच्या तोंडावर माह्या हाताचा पंजा दाबला. नाक तेवढं मोकळं ठेवलं, विधवा व्हायची घाई नव्हती मले. अर्पितानं नुसती वाजंत्री चालू केली. गजेंद्रचे ओठ माह्या हाताखाली बंद होते. गळा हलत नव्हता. अन् तिच्या मशीनवरचा काटा नाचू लागला.

"ताई," अर्पिता म्हणे. "तुम्हीच ऐका." अन् तिनं आपला हेडफोन माह्या कानाले लावला.

आता समजा, मी अठरा वर्षं तो आवाज भोंग्यातून ऐकला होता. भोंग्यातून बापाचाही आवाज ओळखू येत नाही. पहिल्यांदाच तो मी साफ ऐकला. ओळीच्या शेवटी सूर जरासा वर उचलून सोडून द्यायची एक लकब होती त्यात. ती लकब साऱ्या सुलतानपुरात एकीचीच होती.

तो माह्या गळ्याचा आवाज होता. माह्या हाताचा पंजा गजेंद्रच्या तोंडावर तसाच राह्यला.

मंग मले तो दसरा आठवला. बँडवाल्याच्या घरी दसऱ्याले वाद्यं पूजते. चादर अंथरून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, सारं मांडते, हळदकुंकू लावते. त्याचा एक नेम हाये, पूजेत मांडलेलं वाद्य बँडचं झालं. मंग ते कोणी घरी नेत नाही, अन् बँड सोडणारा ते मागं ठेवून जाते. मी नवी नवरी, एकोणीस वर्षांची. मास्तर थट्टेत म्हणे, "सूनबाई, तुमचं वाद्य कोणतं?" मी कमी होती का? गळ्यावर बोट ठेवलं अन् म्हणलं, "हे." सारे हसले. मास्तरनं हसत हसत माह्या गळ्याले कुंकू लावलं. मीही हसली. त्याच साली गजेंद्र बाईच्या आवाजात गाऊ लागला.

"तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही वं," गजेंद्र म्हणे. तो रडकुंडीले आला होता. "मले वाटलं माह्यंच हाये."

मी तशीच मास्तरकडे गेली. वय झालं आता त्याचं, ऐकू कमी येते. मी ओरडून ओरडून सांगितलं. तो आपल्या कुंकू लावल्या बोटाकडे पाहू लागला.

"थट्टा केली होती मी, पोरी," तो म्हणे. "पण पूजेत थट्टा कोण ऐकते? गजेंद्र जाऊन राह्यला, म्हणून ते वाद्य ओरडून राह्यलं. दसऱ्याच्या आत मागून घे. सोडणाऱ्याचं वाद्य यंदाच्या पूजेत मागं राह्यलं की मंग कायमचं बँडचं, नाही भेटत."

"कसं मागू?"

"हाक मार, तुह्याच नावानं. अन् हो म्हणून देलं होतं, आता नाही म्हणून सोडव. ते विचारीन काही. तू नाही म्हण."

दसऱ्याले चार दिवस राह्यले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामात गेली. करिष्मा शाळेतून आली होती, तिले दाराबाहेर बसवलं. गजेंद्र खाली टाकलेल्या गादीवर तोंड दाबून बसला, आपल्याच दोन्ही हातांनी. अर्पितानं मले हेडफोन देला, माइक पुढं केला अन् वाजंत्री चालू केली. ती गाणारी आली. गाऊ लागली. बाप्पा, काय गोड गात होती! राग आला मले. अठरा वर्षं हे दुसऱ्याच्या वरातीत वाटल्या गेलं, अन् माह्या पोरीच्या पाळण्याले एक ओळ नाही भेटली.

"सुचिता," मी म्हणलं.

गाणं थांबलं. ट्रम्पेट वाजतच होता.

"कोण?"

"मी. घरी चाल आता."

"कोणाच्या घरी? मी त घरीच हाये." मंग तीच म्हणे, "तुमचा आवाज काऊन असा बसला, मावशी? पाणी प्या थोडंसं."

मावशी म्हणे मले. माह्यंच नरडं मले मावशी म्हणे! ती म्हातारी झालीच नव्हती. एकोणीसचीच होती, अन् लग्नाच्या आधी जाऊन बसली होती, जिथं तिचं कोणी काही घेतलं नव्हतं.

"बरं झालं तुम्ही भेटल्या," ती म्हणे. "कोणाले विचारावं समजत नव्हतं. मले लोणारचं स्थळ आलं, मावशी. पोरगा बँडात गाते. मायले पसंत हाये. मले भेव लागून राह्यलं. करू का लग्न?"

हेच ते विचारणं. नाही म्हणाचं, बस. नाही म्हणलं की ती त्या दसऱ्यापर्यंत जातच नाही. तिच्या गळ्याले कोणी हात लावत नाही. ती सुलतानपुरात मोकळी राह्यते, अन् माह्या गळ्यात वापस येते. तोंडात आलेलंच होतं माह्या. ओठही उघडले होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "आई, झालं का वं? मले भूक लागली."

मी तोंड मिटलं. त्या पोरीनं लोणारले नाही म्हणलं, त दसरा नाही, मास्तर नाही, गजेंद्र नाही. गजेंद्र गेला त गेला, त्याचं काय एवढं? पण दाराबाहेर बसलेली ती? तिले भूक लागली म्हणे. तिले मी कुठून आणू मंग?

"मावशी? सांगा ना."

गजेंद्र माह्याकडे पाहत होता. त्याले तिचं काहीच ऐकू येत नव्हतं. अर्पिताले ऐकू येत होतं का नाही, मले माहीत नाही. ती मान खाली घालून बसली होती.

"कर," मी म्हणलं.

"पक्कं?"

"हाव, पक्कं. पोरगी होईन तुले. लय गुणाची."

"बरं, मावशी," ती म्हणे, अन् हसली, अन् पुन्हा गाऊ लागली. खुशीत गात होती. भेव गेलं होतं तिचं. मी शेवटपर्यंत ऐकलं, मंग हेडफोन काढून गादीवर ठेवला.

"आली का?" गजेंद्रनं विचारलं.

"नाही," मी म्हणलं. पहिल्या बारीले मी गळा हसत देला होता, काही न समजता. या बारीले समजून देला, अन् हसू नाही आलं मले.

दसऱ्याले पूजा झाली. दिवाळीत अल्बम निघाला. 'एकटा' नाव, त्याचाच फोटो. अर्पिताले तो मागचा आवाज काही काढता नाही आला, मंग तिनं तसाच राहू देला. लोकाले तोच आवडला. बस स्टँडवरच्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर वाजते, रसवंतीवर वाजते. मी तिथून जाते तवा चप्पल वाजवत जाते. राग हाये मले, अन् तो जाणार नाही.

परवा करिष्मा अभ्यास सोडून तेच गाणं ऐकत बसली होती. गाणं संपलं त पुन्हा लावलं. डोळ्यात पाणी होतं तिच्या.

"आई, कोण असन वं ही?" तिनं विचारलं. "किती भारी गाते. तुले येत होतं का असं काही?"

मी भाकर थापत होती. तशीच थापत राह्यली.

"नाही, माय," मी म्हणलं. "मले गाणं कधीच नाही आलं."