पिशवीतल्या ओंब्या

गव्हाचा उतारा वाढला की प्रथिनं घटतात आणि प्रथिनं वाढवायला जावं तर उतारा रुसतो. या दोन सवतींना एकाच दाण्यात नांदवायचं काम सरकारनं निवृत्तीवर सोपवलं. तो शेतकीचा पदवीधर होता आणि बिनलग्नाचा होता, त्यामुळे त्याला ते सोपं वाटलं.

बीबी गावच्या भगवानरावांच्या वावरात त्यानं बुटका परदेशी गहू आणि उंच गावरान यांचा संकर चार पिढ्या निवडत आणला. अखेर एक ओळ अशी निघाली की ओंबी भरगच्च आणि दाण्यात प्रथिनंही भरपूर. शिलकीतलं बी प्रयोगशाळेनं तपासणीसाठी दळून टाकलं आणि ते उत्तम असल्याचं कळवलं. आता जे काही होतं ते त्या वावरातच उभं होतं. चिमण्यांपासून जपायला निवृत्तीनं एकेका ओंबीला कागदी पिशवी बांधली.

फेब्रुवारीत पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. त्यांच्या मर्जीवर काम चालणार किंवा बंद पडणार होतं. निवृत्ती त्यांना रस्त्यावरून घेऊन वावरात पोचला, तो गोवऱ्यांच्या आरावर ओंब्या भाजल्या जात होत्या. शेजारी रिकाम्या पिशव्यांची नीट रचलेली चळत.

"भाऊ, पिशवीतल्या काऊन तोडल्या?" त्यानं भगवानरावांना बाजूला घेऊन विचारलं.

"मंग? साहेबासाठीच तं तू पुड्या बांधल्या होत्या ना! पाव्हण्याले काय चिमण्यायच्या उष्ट्या चारू बे?"

"पिशव्या नाई फेकल्या, बापा," त्यांच्या पत्नी गोजरबाई सुपात भाजलेले दाणे पाखडत म्हणाल्या. "पुढच्या साहेबाले कामी येतील."

साहेबांनी जवसाच्या चटणीबरोबर एक बकाणा भरला आणि डोळे मिटले. "प्रथिनं आहेत. जिभेला कळतात." प्रयोगशाळेला जे आम्लात उकळून कळलं, ते साहेबांना चटणीतूनही कळलं. सोबतच्या अधिकाऱ्यांच्या जिभांनाही ते लगोलग कळलं.

आराजवळ पिशवीतल्याच ओंब्यांची न भाजलेली एक पेंडी उरली होती. दाणा दुधाळ चिकाच्या पुढे जाऊन घट्ट झाला होता. काडीसकट सावलीत वाळवला तर उगवला असता. पण पाहुण्यापुढचं उचलायचं कसं? तसं करणाऱ्याला वऱ्हाडात कोणी पुन्हा पाणी विचारत नाही.

"साहेब, बाईसाहेबांसाठी थोड्या बांधून देतो," निवृत्ती म्हणाला.

"हाव, हाव! रिकाम्या हातानं कसे जातीन?" भगवानराव खूश झाले.

निवृत्ती पेंडी घेऊन विहिरीमागे गेला. ओंब्या सदऱ्याच्या आत कोंबल्या, शेजारच्या वाफ्यातल्या साध्या बुटक्या गव्हाच्या ओंब्या तोडल्या आणि गोजरबाईंच्या चळतीतल्या पिशव्यांत भरून साहेबांच्या हाती दिल्या.

जीपमध्ये बसता बसता साहेबांनी त्यातली एक चोळून तोंडात टाकली. निवृत्तीच्या पोटाला कुसळं टोचत होती, पण त्यानं श्वाससुद्धा घेतला नाही.

"वा! ही तर त्याहून सरस! भाजल्यानं प्रथिनं उडत असावीत."

"तसंच असावं, साहेब."

"काम चालू ठेवा. पुढच्या हंगामात बी प्रत्येक तालुक्यात पोचलं पाहिजे."

जीप धुळीत दिसेनाशी झाली. भगवानराव निवृत्तीकडे निरखून पाहू लागले.

"काऊन बे, पोट एवढं फुगलं तुयं? आमच्या चोरून हाणल्या का ओंब्या?"

"हाव, भाऊ," निवृत्ती म्हणाला आणि दोन्ही हातांनी पोट धरून, एकही दाणा सांडू न देता, हळूहळू सावलीकडे निघाला.