इटलीला गेलेल्या बाईचं चाळिसावं

पावलिनाबाईंची अक्कल इतकी मोठी की घरात मावेना, म्हणून त्या ती नगरपालिकेत घेऊन जायच्या आणि टेबलावर मांडून बसायच्या. भावजय द्याना वारली तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून मयताचे कागद छापून घेतले. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव. आमच्या ब्रेस्त गावात माणूस गेलं की हे कागद लागतातच, नाहीतर गेल्यासारखं वाटत नाही. बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर, विजेच्या खांबांवर, शाळेच्या फाटकावर, जिकडं तिकडं द्याना हसत होती.

आणि कागदावरचा डिंक वाळायच्या आत याच बाईंनी फर्मान काढलं, की द्यानाच्या लेकीला, नेडाला, यातलं काही कळू द्यायचं नाही. आई इटलीला गेली म्हणायचं, एका म्हातारीची देखभाल करायला. गावातल्या निम्म्या बायका तिकडंच असतात, तेव्हा थाप पचायला सोपी.

पोर तिसरीत आहे, तिला वाचता येतं, हे कुणाच्याच टाळक्यात आलं नाही. आलं, तेव्हा बाईंनी गेंचोला बोलावलं.

गेंचो म्हणजे द्यानाचा भाऊ, नेडाचा सख्खा मामा. पन्नाशीला टेकला तरी खोड्या सुटेनात, म्हणून गावानं त्याचा नाद सोडलेला. नव्या कारंज्याच्या उद्घाटनाला फितीत तार घालून ठेवणारा आणि महापौर कात्रीशी झटत असताना सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा तो हाच.

"शाळेच्या वाटेवरचे कागद काढून टाक," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच लावलेत ना, ताई?"

"लावावे तर लागतातच. लोक काय म्हणतील?"

"मग काढू कशाला?"

"पोरीच्या मनावर परिणाम होतो. तुला नाही कळायचं. मी पुस्तक वाचलंय त्यावर."

पुस्तक बाईंच्या टेबलावर होतं खरं. त्यावर कॉफीचा कप होता.

नेडाचा बाप किरिल कोपऱ्यात बसून भिंतीकडं बघत होता. ट्रक चालवणारा गडी, पण बहिणीपुढं त्याचं स्टिअरिंग कायम तिच्याच हातात.

गावानं मात्र कमाल केली. नळाला पाणी यावं म्हणून जे गाव कधी एकत्र आलं नाही, ते एका पोरीला फसवायला एकदिलानं उभं राहिलं. बेकरीवाली पाव देताना विचारायची, "आईचा फोन आला का गं?" पाद्री तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "रोममध्ये फार सुंदर देवळं आहेत हं." मुख्याध्यापिकेनं तर सगळ्या वर्गाकडून इटलीचा झेंडा रंगवून घेतला. एवढी मोठमोठी माणसं, आणि एका लेकराशी दोन शब्द खरं बोलायला सगळ्यांची टरकलेली.

गेंचो शाळेच्या फाटकावरचा कागद चाकूनं खरवडत होता, तेव्हा मागून आवाज आला.

"मामा, तू आईला का फाडतोयस?"

गेंचो वळला. फोटोतला अर्धा चेहरा फाटकावर होता, अर्धा त्याच्या हातात.

"कधीपासून माहितीय तुला?"

"पहिल्याच दिवशी बेकरीच्या काचेवर बघितलं. बेकरीवाली काकू पुढं उभी राहिली, पण ती फार बारीक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? बाबांना काही विचारलं की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. आत्याचं बीपी वाढतं. म्हणून मी पण इटली म्हणते. त्यांना बरं वाटतं."

गेंचोनं चाकू पँटला पुसला आणि खिशात घातला.

"शनिवारी आईला चाळीस दिवस होतात, तिचं चाळिसावं आहे ना?" नेडा म्हणाली. "आत्या मला सर्कशीला पाठवतेय. पुरलं तेव्हा पण मला शेजारच्या गावी पाठवलं होतं. मला आईकडं जायचंय, मामा."

"जाशील."

"आत्या सोडणार नाही."

"आत्याचं माझ्याकडं लागलं. तू फक्त काळं जाकीट घालून बस."

शुक्रवारी गेंचो घरोघर हिंडला. चेहरा असा, की जणू देवळातनंच आलाय. "पावलिनाबाईंचा निरोप आहे. द्याना इटलीत आहे, जिवंत माणसाचं चाळिसावं करत नाहीत. उद्या कुणी यायचं नाही." एरवी गेंचोनं वेळ सांगितली तरी लोक घड्याळ बघायचे. पण इटलीबद्दल उलटं विचारायचं नाही, असा बाईंचा सगळ्यांना दम होता. त्यामुळं इटली म्हणजे इटली. पाद्रीबुवा तर सुटका झाल्यासारखे मासे धरायला गेले.

शनिवारी बाई चाळिसाव्याला वाटायचा पातेलंभर शिजवलेला गोड गहू घेऊन कबरस्तानात पोचल्या. तिथं फक्त कावळे. तिथून तणतणत त्या किरिलच्या घरी आल्या. किरिल बूट घालत होता, नेडा काळं जाकीट घालून खुर्चीवर, आणि गेंचो मजेत कॉफी पीत होता.

"ही पोरगी सर्कशीला का नाही गेली? आणि तू लोकांना काय सांगितलंस, हलकटा?"

"तुम्ही शिकवलंत तेच. द्याना इटलीत आहे. जिवंत बाईच्या नावानं गहू वाटला तर पाप लागेल, ताई."

"अरे मूर्खा, ती मेली ना," बाई म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवला.

गेंचोनं कप खाली ठेवला. किरिल उठला. आता हा नळ सोडायला जाणार, असं गेंचोला वाटलं. पण तो पोरीसमोर खाली बसला.

"मेली ती, नेडा. दवाखान्यात. मी होतो जवळ."

"तिला दुखत होतं?"

"आधी. शेवटी नाही."

"काही म्हणाली?"

"तुझे बूट शिवायला टाकलेत, ते आण म्हणाली."

"आणलेत?"

"नाही गं," किरिल म्हणाला, आणि मग त्याच्यानं बोलवेना. नेडानं त्याच्या मानेला मिठी मारली. त्याच्या खांद्यात तोंड खुपसून ती रडली, तेही पहिल्यांदाच, मोठ्यांदा. बाई बीपीची गोळी शोधायला लागल्या. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

फोन फिरले. दुपारपर्यंत गाव कबरस्तानात गोळा झालं. पाद्री आला, त्याच्या हाताला माशांचा वास होता. पावलिनाबाई मुख्याध्यापिकेला सांगत होत्या, "आज मीच सांगितलं तिला. हळूहळू, समजेल अशा भाषेत. पुस्तकात दिलंय तसं."

"किती धीराच्या तुम्ही," मुख्याध्यापिका म्हणाली.

गेंचो कबरीवर वाईन ओतत होता. ती बहिणीच्या वाट्याची होती, म्हणून त्यानं त्यातला घोटही घेतला नाही.

नेडा पातेलं घेऊन एकेकाच्या हातावर गहू घालत निघाली. बेकरीवालीनं तिचा गाल कुरवाळला आणि शेजारणीला म्हणाली, "लहान आहे बिचारी, तिला काय कळतंय."

"कळतं, काकू," नेडा म्हणाली. "हात पुढं करा."