मी बर्मा, सरोवराकाठी राहणारे एक नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. बरेच वापरलेले, पण अजून चालणारे. मला बर्मा म्हणतात. मूळचे मी एका देशाचे नाव. त्या देशाने पुढे स्वतःसाठी दुसरे नाव घेतले. मला कोणी विचारले नाही, पण माझी काही तक्रार नाही. मी तोवर केनियात, लुओ लोकांच्या एका गावात, मोठ्या सरोवराकाठी रुळले होते.

मला इथे ओगोला नावाच्या शिपायाने आणले. गोऱ्या साहेबांच्या युद्धात तो बर्माला लढायला गेला आणि परत येताना एक जाड कोट, एक खोकला आणि मला घेऊन आला. बर्मा म्हणजे काय, असे कोणी विचारले की तो सांगायचा, "पाऊस, जळवा आणि दोन्ही वेळा भात." मक्याच्या पिठाच्या उगालीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच मानणारे गाव. त्यांनी त्याला शूर ठरवले आणि त्याला बर्माच म्हणू लागले.

आमच्याकडे मूल रडायला लागले की घरच्या म्हाताऱ्या बायका गेलेल्या माणसांची नावे एकेक करून घेतात. ज्या नावाला मूल गप्प होते ते त्याचे. ओगोला वारला त्याच वर्षी त्याच्या पुतण्याचा मुलगा मला ऐकून गप्प झाला. मग ओगोलाच्या भाऊबंदांत मला फार मागणी आली. "बर्मा, गुरं शेतात शिरली" अशी हाक आली की अर्धे गाव धावायचे आणि उरलेल्या अर्ध्याला वाटायचे, गुरे फारच असावीत. एका बोकडालाही मी मिळाले होते. तो वागायला चांगला होता.

पण दिवस सारखे राहत नाहीत. काही बर्मा मातीत गेले, काही शहरात जाऊन ब्रायन झाले. नव्या बाळांसाठी ब्राझील आणि कॅनडा जोरात आले. शेवटी मी एकाच माणसाकडे उरले. ओगोलाच्या त्याच पुतण्याचा मुलगा, आता म्हातारा. तो गेला की मीही संपणार होते.

अशात त्याच्या सुनेला, अपोंडीला, मुलगा झाला. तिला कॅनडा हे नाव हवे होते. बाळाला पाजायला घेताना ती हळूच "कॅनडा" म्हणायची. म्हाताऱ्या बर्माची थोरली बहीण तुर्फोसा, नाव ठेवण्याचा मान तिचा. तिने ते पकडले.

"कॅनडा नावाचं आपल्यात कोण मेलंय?" तिने विचारले.

"अजून तरी कुणी नाही," अपोंडी म्हणाली.

बाळाने दूध सोडले आणि रडायला लागले ते थांबेचना. तुर्फोसाने घराण्यातले सगळे मेलेले पुकारून पाहिले. शेवटी गुरे चोरणाऱ्या एका मामालाही संधी दिली. बाळ कोणाला दाद देईना, अंगावर पिईना. त्याचा आवाज बसत चालला आणि अपोंडीचे डोळे भरून आले. म्हातारा बर्मा मात्र दारात बसून तळलेला मासा खात होता.

"बर्मा, काटे काय ढोल वाजवल्यासारखे चावतोस?" तुर्फोसा वैतागून म्हणाली.

बाळ गप्प झाले.

तिने मला पुन्हा उच्चारले. गप्प. कॅनडा म्हटले. आकांत.

आता पंचाईत अशी, की एका अंगणात एक नाव दोघा जिवंत माणसांना देत नाहीत. ते पहिल्याला 'निघा आता' म्हटल्यासारखे होते.

"पण मी इथंच बसलोय," म्हातारा म्हणाला.

"तेच तर अडलंय," तुर्फोसा म्हणाली. "मासा संपव आणि जरा वेळ मर."

म्हातारा चटईवर आडवा झाला. तोंडावर चादर घातली. त्याच्या बायकोला, दोर्सिलाला, रडायला सांगितले. तिने साफ नकार दिला. नवऱ्यासाठी रडणे एकदाच असते, ते आज खर्च केले तर खऱ्या वेळी काय करायचे, असे तिचे म्हणणे. मग तुर्फोसाच रडली, आणि चांगलीच रडली. शेजारी धावत आले. कोणी सरपण आणले, कोणी कोंबडी. एकजण म्हणाला, की जाळे टाकण्यात बर्मासारखा हात कोणाचा नव्हता.

"नव्हता काय? आहे," चादर म्हणाली.

"मेलेल्यानं मधे बोलू नये," तुर्फोसाने दटावले.

या सगळ्यात अपोंडी बाळाला छातीशी धरून उभी होती. तिने चादरीकडे वाकून विचारले, "बाबा, पण बर्मा म्हणजे नेमकं काय हो?"

चादर हळू आवाजात म्हणाली, "तिकडं गेलेले पुष्कळजण आलेच नाहीत, पोरी. जो परत आला त्याला गावानं बर्मा म्हटलं. मला तरी एवढाच अर्थ माहीत आहे."

अपोंडीचा भाऊ कॅनडाला गेला होता. त्याचा फोन येणेही कधीच बंद झाले होते. ती खाली बसली. बाळाचे तोंड पुसले आणि कोणी न सांगता मला हाक मारली. "बर्मा. पी रे, राजा."

आणि ते प्याले, मित्रांनो. घोटांचा आवाज अंगणात ऐकू येत होता. मी एवढे मन लावून याआधी काहीच ऐकले नव्हते.

म्हातारा उठून बसला. शेजारी जरा रागावले, पण कोंबडी आणलीच होती, म्हणून जेवून गेले.

मित्रांनो, नावाला तेल लागत नाही, की ऊन दाखवावे लागत नाही. त्याला फक्त हाक लागते. तुमच्या घरातही एखादे जुने नाव कोपऱ्यात पडले असेल. त्याचा अर्थ घरातल्या माणसांना विचारा, ती चादरीबाहेर आहेत तोवरच. आणि रोज एकदा तरी मोठ्याने ते नाव घ्या. आमच्याकडे दोर्सिला आता दोघांना मिळून एकच हाक मारते. ओ कोणीच देत नाही. एकाला अजून बोलता येत नाही आणि दुसऱ्याला न ऐकल्यासारखे करणे फार छान जमते.